चाळीसपैकी तीन

खोलीत बारा पुठ्ठे होते. घड्याळातल्या आकड्यांसारखे एक ते बारा, खुर्चीभोवती गोल लावलेले, प्रत्येक बरोबर दीड मीटरवर. गाद्या नऊ: सात भिंतींना टेकवलेल्या, एक दाराला, एक खिडकीत कोंबलेली. लॅपटॉप दोन. हेडफोन एक, त्याच्या पट्टीवर काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा सेन्सर चिकटवलेला. खुर्ची एक, तिची चाकं काढून टाकली होती, कारण चाकाच्या खुर्चीत माणूस नकळत फिरतो. आणि त्या खुर्चीत अर्शीचे अब्बा, सिकंदर मुजावर, वय सत्तावन्न, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात लेझरची कांडी.

"आंधळी कोशिंबीर खेळायला आणलंस व्हय गं मला?" ते म्हणाले.

"अब्बा, आता बोलायचं न्हाय. मान पण हलवायची न्हाय. हलगीची थाप वाजली की ती जिकडनं आली तिकडं कांडी रोखायची. एवढंच."

"हलगीवाला कुठाय?"

"हेडफोनात."

"मग हेडफोनाकडंच रोखतो की."

दुसऱ्या लॅपटॉपवर बसलेली इरावती हसली. अर्शी हसली नाही. अब्बा पहिल्यांदाच तिच्या ऑफिसात आले होते आणि ते कशासाठी आले आहेत, हे फक्त तिला ठाऊक होतं.

शाहूपुरीतल्या या तिसऱ्या मजल्यावर चार माणसांची एक कंपनी होती आणि ती चौघं मिळून हेडफोनसाठी एक सॉफ्टवेअर बनवत होती. एरवी हेडफोन लावला की गाणं डोक्याच्या आत वाजतं, दोन कानांच्या मधे कुठंतरी. या सॉफ्टवेअरने ते डोक्याबाहेर न्यायचं होतं. हलगीवाला समोर असेल तर समोर, पाठीमागून चालत आला तर पाठीमागून. तुम्ही मान वळवलीत तरी हलगीवाला आपली जागा सोडता कामा नये, म्हणून तो सेन्सर. डोकं किती फिरलं ते तो सांगायचा आणि सॉफ्टवेअर आवाज तेवढाच उलटा फिरवायचं. फिजिक्सची एमएससी करून आलेल्या अर्शीकडे हे फिरवण्याचं गणित होतं.

गणित कागदावर चालत होतं, खुर्चीत चालत नव्हतं. सहा आठवड्यांत एकवीस जण या खुर्चीत बसून गेले होते, खालच्या सायकलवाल्यापासून कंपनीचा मालक शार्दूल याच्या आत्यापर्यंत. डावं-उजवं सगळ्यांचं बरोबर यायचं. पुढं-मागं मात्र गोंधळ. समोरची हलगी निम्म्या वेळा लोकांना पाठीमागून ऐकू यायची, आणि का, ते कुणाला कळत नव्हतं.

अब्बांना या गोंधळाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना स्वतःचा कान तपासून घ्यायचा होता.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते एकतीस वर्षं हातोडीवर होते. ट्रकचे ब्रेक ड्रम ओतून, गार होऊन, घासून त्यांच्याकडे यायचे. एकेक ड्रम साखळीला टांगायचा आणि तीन ठिकाणी हातोडी मारायची. चांगला ड्रम घंटेसारखा गात राहतो. भेग असलेला ठणकन सुरू होतो आणि मधेच बसतो. दिवसाला तीनशे ड्रम. अर्शीने बारावीत असताना एकदा गुणाकार केला होता आणि परवा पुन्हा केला: सत्तावीस लाख नव्वद हजार. पेठेत तर सिकंदरभाईंनी वाजवल्याशिवाय कुणी माठ घेत नसे, कलिंगड घेत नसे. एकदा तर शेजारच्या आक्कांनी जावयाने आणलेली पितळी कळशी त्यांच्यापुढे ठेवली होती आणि ते "फुटकी झाळून सांधलेली हाय," म्हणाल्यावर त्या घरात दोन महिने अबोला चालला होता.

आणि मागच्या शनिवारी कारखान्यात कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी काचेच्या पेटीत बसवलं, टीं टीं वाजवलं, कागद दिला. कागदावर प्रत्येक कानाच्या दोन आकड्यांभोवती लाल गोल होते. क्वालिटीचे नवे साहेब विजयसिंह यांनी तो कागद पाहिला आणि दुसरा कागद पुढे केला: एक तारखेपासून पॅकिंग विभागात बदली, पगार तोच, संमतीची सही बुधवारपर्यंत.

"पगार तोच हाय," अब्बांनी घरी सांगितलं होतं. "हातोडी तेवढी ठेवा म्हणत्यात."

अर्शीची आई शमशाद म्हणाली होती, "ठेवा मग. एकतीस वर्षं मारलासा की." दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा अर्शीला म्हणाले, "तुझ्याकडं कानाचं मशीन हाय न्हवं? तू बघ. तू म्हणशील ते खरं."

आपलं मशीन तसलं नाही, हे तिने दोनदा समजावलं होतं. "कान तो कान," ते म्हणाले, आणि सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांच्या रिपोर्टाबरोबर संमतीचा कागद चार घड्या घालून ठेवलेला होता.

हलगी वाजली. अब्बांची मान दोन बोटं डावीकडे गेली, परत आली, आणि कांडी वर उठली.

"अब्बा, मान."

"हलवली न्हाय की."

पुढच्या थापेला पुन्हा तेच. दोन बोटं डावीकडे, परत. साखळीपुढे उभे असतानाही ते असंच करायचे, धान्य टिपणाऱ्या कोंबडीसारखं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. सहाव्या थापेनंतर अर्शीने सांगायचं सोडलं. वहीत समासात लिहिलं: मान हलते.

अठ्ठेचाळीस थापा झाल्या. प्रत्येक पुठ्ठ्यावरून चार. ते डोळ्यांवरची पट्टी सोडेपर्यंत लॅपटॉपवर निकाल आला होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"डावं-उजवं सगळं बरोबर."

"आन् पुढं-मागं?"

तीन आणि नऊचे पुठ्ठे अगदी कानांच्या रेषेत, तिथं पुढं-मागं नसतं. ते वगळून चाळीस थापा उरल्या. अर्शीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. आकडा खोटा सांगता येत नव्हता.

"चाळीसपैकी तीन."

"चुकलं?"

"बरोबर आलं."

अब्बांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्याची वायर नीट गुंडाळली. मग खिशातून कागद काढून घड्या उलगडल्या आणि इरावतीला म्हणाले, "ताई, पेन बघू जरा."

"अब्बा, थांबा. हे तुमच्या कामाचं मशीन न्हाय, मी सांगितलंय तुम्हाला."

"तुझं मशीन अन् डॉक्टरचं मशीन एकच सांगतंय. दोन मशिनी कशाला खोटं बोलतील?" त्यांनी लॅपटॉपशेजारी कागद ठेवून सही केली. एकतीस वर्षं पगारपत्रकावर करत आले तशी, पूर्ण नाव, शेवटी रेघ. "भेगेचा ड्रम सोडला अन् घाटात कुणाचा ब्रेक गेला तर? कान गेला तर गेला म्हणावं. त्यात काय लाज."

जाताना त्यांनी खोलीकडे एकदा नीट पाहिलं. गाद्या, पुठ्ठे, लॅपटॉप. "ऑफिस झकास हाय," म्हणाले. "सगळ्यांनी गाद्या घरनं आणल्यात काय?" आणि जिना उतरून गेले.

इरावती हळूच म्हणाली, "काकांचे कान खरंच गेलेत गं. चाळीसपैकी तीन म्हणजे काहीच कळत नाहीये त्यांना."

अर्शी पडद्याकडे बघत होती. "काहीच कळत नसतं तर किती आले असते?"

"म्हणजे?"

"नाणं उडवायचं. छापा आला की पुढं, काटा आला की मागं. चाळीस वेळा."

"वीसेक बरोबर येतील."

"मग सतरा कमी कसे?"

अर्शीने यादी उघडली. एकच्या पुठ्ठ्यावरची थाप अब्बांनी पाचवर दाखवली होती, चारही वेळा. अकराची सातवर. समोरच्या बाराची पाठीमागच्या सहावर. आरशात दिसावं तसं, नेमकं. ज्या मुलाची चूक-बरोबरच्या परीक्षेत चाळीसपैकी सदतीस उत्तरं चुकतात त्याला सगळी उत्तरं येत असतात. त्याने फक्त खुणा उलट्या केलेल्या असतात.

तिने हेडफोन चढवला, बाराच्या पुठ्ठ्यावरची हलगी लावली आणि डोळे मिटले. मान ताठ ठेवली तेव्हा हलगी समोर, जराशी धूसर. मग तिने अब्बांसारखी मान हलवली. दोन बोटं डावीकडे, परत.

हलगी उठली आणि तिच्या पाठीमागे जाऊन वाजू लागली.

समोर कुणी बोलत असताना मान उजवीकडे वळवली तर आवाज डाव्या कानाकडे सरकतो. तोच माणूस पाठीमागे असेल तर उजव्या कानाकडे सरकतो. पुढचं आणि मागचं ओळखायची कानाची ही जुनी युक्ती आहे, आणि इथं आवाज नेमका उलट्या कानाकडे सरकत होता. अर्शीने हेडफोन काढून पट्टीवरचा सेन्सर निरखला. त्याच्या एका अंगावर पांढरा ठिपका होता. तो वर असायला हवा होता. तो खाली, पट्टीकडे होता. सहा आठवड्यांपूर्वी वायर पट्टीत अडकते म्हणून तिनेच तो उलटा करून चिकटवला होता, आणि पालथा पडलेला सेन्सर तेव्हापासून उजव्याला डावं म्हणत होता.

"पण मी तपासलं होतं की," इरावती म्हणाली. "मान फिरवली की आवाज फिरत होता."

"कुठल्या बाजूला?"

इरावतीने हेडफोन चढवून मान वळवली. मग म्हणाली, "एकवीस माणसं बसली इथं. एकालाही कळू नये?"

"कळेल कसं? एकवीस जणांना आपणच सांगितलं, मान हलवू नका. थोडी थोडी हलली तेवढा गोंधळ झाला. एकानंच ऐकलं न्हाय आपलं."

शार्दूल चहा घेऊन आत आला, त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि दारातच थांबला. "काय झालं? जळलं काय काही?"

"एकवीस जणांचं परत करायला लागणार."

"आत्याचं पण?" शार्दूल म्हणाला. "ती येणार नाही बघ. मागच्या वेळी कॉफी दिली नव्हती आपण."

अर्शी तोवर जिन्यावर होती.

अब्बा बसथांब्यावर उभे होते. मार्चचं ऊन तापलं होतं आणि थांब्याशेजारी बायडाबाईने फुटपाथवर माठ मांडले होते. ती अब्बांना ओळखत नव्हती, पण एक गिऱ्हाईक तरी सुटू नये म्हणून बोलत होती.

"पावणं, घ्या की एक. वाजवून बघा."

"मला न्हाय कळत त्यातलं," अब्बा म्हणाले.

अर्शीने हे ऐकलं आणि तिथंच दम घ्यायला थांबली. आपले अब्बा हे वाक्य बोलताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"अब्बा, वर चला. परत बसायचं."

"कितींदा नापास करणार हाईस?"

"नापास मी झाले. सेन्सर उलटा चिकटवलाय मी. तुम्हाला जे ऐकू आलं ते बरोबर ऐकू आलं. मशीनच पुढचं मागं टाकत होतं." तिने कपाळावरचा घाम पुसला. "बावीस जणांत तुम्ही एकटेच नीट चुकलासा."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांची समजूत घालते आहे की खरं बोलते आहे, ते ते जोखत असावेत. मग वाकून त्यांनी समोरचा माठ उचलला, बोटाच्या पेराने वाजवला. मान दोन बोटं डावीकडे गेली, परत आली.

"ह्याच्या तळाला चीर हाय," ते बायडाबाईला म्हणाले. "हा इकू नगंस कुणाला."

"आत्ता कळत न्हाय म्हणत हुतासा न्हवं?" बायडाबाई उखडली. "चांगला माणूस दिसतोय म्हणून बोलले, तर माल खोटा पाडाय लागलाय." पण ते निघाल्यावर तिने माठ उन्हाकडे धरून तळ पाहिला आणि तो उचलून आपल्या मागे ठेवला.

सेन्सर सरळ करून चिकटवायला चार मिनिटं लागली. या खेपेला अर्शीने मान हलवू नका असं सांगितलं नाही. अठ्ठेचाळीस थापा झाल्या. चाळीसपैकी एकोणचाळीस.

अब्बांनी पट्टी सोडली, पण हेडफोन काढला नाही. "परत लाव ती हलगी," म्हणाले. तिने लावली. ते उठून उभे राहिले, हळूहळू स्वतःभोवती फिरले आणि फिरताना एक बोट बाराच्या पुठ्ठ्याकडे रोखून धरलं. बोट हललं नाही.

"हितंच उभा हाय," ते म्हणाले. "मी फिरलो तरी त्यो हलंना." मग अर्शीकडे वळून, "हे तू केलंस?"

"गणित माझं. चूक पण माझीच."

"चूक सापडली म्हंजे गणित खरं हाय." त्यांनी हेडफोन काढून शार्दूलच्या हातात दिला, एखाद्याच्या हातात घरातलं भांडं द्यावं तसा जपून. "साहेब, आमच्या पोरीनं केलंय हे," म्हणाले. शार्दूलला ते दोन वर्षं ठाऊक होतं, पण त्याने नव्याने ऐकल्यासारखी मान डोलावली.

"अब्बा, डॉक्टरचा रिपोर्ट बघू."

रिपोर्टात प्रत्येक कानाचे सहा आकडे होते. लाल गोल शेवटच्या दोन आकड्यांभोवती: चार हजार आणि सहा हजार हर्ट्झ, चिमणीच्या चिवचिवाटाएवढे उंच सूर. कारखान्याच्या कलकलाटाने पहिल्यांदा जातात ते हेच. हजार आणि दोन हजार हर्ट्झसमोरचे आकडे मात्र अर्शीच्या स्वतःच्या कानाला शोभले असते, आणि ते कुणी वाचले नव्हते.

"चांगला ड्रम कुठल्या सुरात गातो?"

"सूर मला काय ठावं? असा गातो." अब्बांनी ओठ आवळले आणि शीळ घातली. लांब, सरळ, न हलणारी. अर्शीने फोन पुढे धरला. पडद्यावर आकडा उभा राहिला: ११६० हर्ट्झ.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर शिरोलीला गेली. फाटकावर तिला हेल्मेट दिलं ते दोन मापं मोठं होतं. विजयसिंह चाळिशीचे, बारीक अंगाचे, बोलायला तुटक. अब्बांनी सही केलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"सही केलीया साहेब. पण घ्यायच्या आधी एक लॉट वाजवू द्या. चुकलो तर ह्यो कागद तुमचा."

"मुजावर, मी तुमच्या कानावर शंका घेऊन लिहिलं नाही. नियम आहे. उद्या तुम्हाला ठार बहिरेपण आलं तर मी काय तोंड दाखवू?"

अर्शीने रिपोर्ट पुढे सरकवला. "सर, नियम बरोबर आहे. बाकी वेळ त्यांनी कानात बोळे घालायलाच पाहिजेत, ते मी घरी बघते. पण हे दोन आकडे वाचलेत तसे हे चारही वाचा. ड्रमचा सूर इथं आहे." आणि तिने बोट ठेवलं.

विजयसिंहांनी तिच्या फोनवरचा शिळेचा आकडा पाहिला. मग स्वतः खाली गेले, साखळीला टांगलेल्या ड्रमवर हातोडी मारली आणि फोन धरला. ११५२. त्यांनी आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि फोन परत दिला.

"ऐंशी ड्रम," ते म्हणाले. "तुम्ही वाजवा. नंतर सगळ्यांवर लाल रंग टाकू. भेगेत रंग शिरतो, पुसला तरी राहतो. मग बघू."

दोन तास लागले. अर्शी जमिनीवर रंगवलेल्या पट्ट्याबाहेर उभी होती. तिथून तिला अब्बांची पाठ दिसत होती आणि प्रत्येक ड्रमला मान दोन बोटं जायची, परत यायची. आजवर ती या हालचालीला सवय म्हणत आली होती. एखादं उपकरण नीट लावलेलं पाहावं तशी ती आता बघत होती. ऐंशीतून सहा ड्रमांवर अब्बांनी खडूने फुली मारली.

रंग टाकला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. फुलीच्या पाच ड्रमांवर लाल रेघ उमटली. उरलेल्या चौऱ्याहत्तरांवर काही नाही. सहाव्या फुलीवर, त्रेपन्न नंबरच्या ड्रमवर, तिथंही काही नाही. पांढरं स्वच्छ.

"एक चांगला ड्रम बाद केलात मुजावर," विजयसिंह म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "ऐंशीत एक. वाईट नाही. पण चूक ती चूक."

अब्बांनी त्रेपन्न नंबर पुन्हा साखळीला टांगायला लावला. हातोडी मारली. ड्रम गायला लागला. अर्शीने कान टवकारले. तिला तो बाकीच्यांसारखाच वाटला. अब्बांनी मान वळवली, परत आणली, दुसऱ्या जागी मारली. तिसऱ्या. मग हातोडी बाकावर ठेवली.

"कापा," ते म्हणाले.

"चांगला निघाला तर?"

"तर कागद तुमच्या टेबलावर हाय की साहेब."

करवतीला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात अब्बांनी खिशातून नवे बोळे काढून कानांत घातले, अर्शीकडे बघून दाखवले, आणि चहा घेतला. ड्रम दोन ठिकाणी कापून तुकडा बाहेर आला. कापलेल्या अंगावर विजयसिंहांनी स्वतः रंग टाकला, पुसला, पावडर मारली आणि खिशातली पोलादी पट्टी काढली. त्यांनी माप दोनदा घेतलं. मग रजिस्टर मागवून लिहिलं.

ड्रम नंबर त्रेपन्न. भेग आतली, पृष्ठभागापासून चार मिलिमीटर. लांबी सव्वीस मिलिमीटर.